घाटमाथ्यावरच्या घरात लाकडावर पाणी आणि ऊब: बॉयलरवाली बुखारी घेण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कास पठाराच्या पुढे, बामणोलीच्या वरच्या अंगाला तुम्ही जुनं कौलारू घर घेतलंय. विजेची लाइन नाही. सौर पॅनेलवर दिवे, फोन आणि एक छोटा पंप चालतो. घरात तुम्ही दोघं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई. बाहेरून बुखारी (लाकडावर खोली तापवणारी बंद लोखंडी शेगडी) मागवायची, तिच्या पाठीला पाण्याचा बॉयलर, माळ्यावर २०० लिटरची टाकी, म्हणजे एकाच आगीवर खोलीही तापेल आणि अंघोळीचं पाणीही, असा तुमचा बेत आहे. टाकी केवढी घ्यावी, वर्षाला लाकूड किती लागेल आणि कौलातून चिमणी काढता येते का, हे तुम्हाला हवंय.

साताऱ्याच्या पश्चिमेला आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मी अशा घरांच्या चिमण्या, बंब आणि गरम पाण्याच्या लाइनची कामं करतो. त्यावरून सरळ सांगतो: बॉयलरवाली बुखारी घेऊ नका. पाण्यासाठी तांब्याचा बंब घ्या आणि तो पडवीत बसवा. खोलीसाठी तीन-चार किलोवॉटची साधी बंद बुखारी पुरे. वाचलेले पैसे लाकूड साठवायच्या खोपीत आणि खोलीच्या तक्तपोशीत, म्हणजे कौलाखालच्या छतात, घाला. खोप हा शब्द वाचून हसू नका. तुमच्या भागात घर गरम राहतं की नाही हे बुखारीपेक्षा खोपीवर जास्त ठरतं.

एका आगीवर दोन कामं ही कल्पना चांगली आहे, पण ती खऱ्या थंड प्रदेशातली आहे. काश्मीरमधल्या हमामात दगडी फरशीखालून आग आणि धूर फिरतो, भिंतीत तांब्याचं मोठं भांडं बसवलेलं असतं, आणि त्याच आगीवर फरशी तापते नि पाणीही. स्पिती-किन्नौरकडे खोलीच्या मधोमध पत्र्याचा तंदूर दिवसभर पेटलेला असतो आणि त्यावर पाण्याचं भांडं कायम चढवलेलं असतं. तिथे आग हिवाळाभर लागतेच, त्यामुळे पाणी फुकटात तापतं. तुमच्याकडे पाणी बारा महिने तापवायचं आहे, खोली मात्र जेमतेम पाच-सहा महिने, आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त दिवस पावसाळ्यातले. एप्रिल-मेमध्ये सकाळी तीन बादल्या पाण्यासाठी तुम्ही बैठकीच्या खोलीत आग पेटवणार नाही. मग ते पाणी गॅसवर तापेल आणि बॉयलर नुसता पाठीला लटकलेला राहील.

दुसरी अडचण आगीची आहे. बुखारीतल्या आगीच्या कप्प्याच्या एका बाजूला थंड पाणी भरलेली भिंत आली की ती बाजू कधी नीट तापत नाही. धुरातला जळणारा भाग न जळताच वर जातो आणि चिमणीत डांबरासारखा चिकट थर बनून बसतो. मोठ्या बुखारीत हे खपून जातं. तुमच्या खोलीला लागेल एवढ्या लहान बुखारीत आग पाण्यासाठी पुरत नाही आणि खोलीसाठीही.

आता पाण्याचा हिशेब, कारण टाकीचा आकार त्यातून निघतो. डिसेंबरात टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास धरा. बादलीने अंघोळ करणाऱ्याला ४०-४२ अंशांचं २० लिटर पाणी पुरतं. तिघांची ६० लिटर, वर भांडी-धुणं आणि आईंना पाय शेकायला मिळून ८० लिटर. एवढं पाणी १८ वरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ८ मेगाज्यूल उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते. बंबाने त्यातली पाव ते तिसरा हिस्साच पाण्यात उतरवली असं धरलं तरी दोन किलो लाकडात सकाळ निभते. दोन किलो म्हणजे मनगटाएवढ्या जाडीचे, हातभर लांबीचे तीन-चार तुकडे. शॉवर लावलात तर मिनिटाला आठ-दहा लिटर जातात आणि हाच आकडा दुपटीच्या वर जातो. तुमची २०० लिटरची टाकी बहुधा शॉवरच्या हिशेबातून आलेली आहे. रोज लाकूड स्वतः फोडायला लागलात की बादली आपोआप आवडायला लागते.

४० लिटरचा बंब तुम्हाला बास. तो ७५ अंशांपर्यंत तापला की थंड पाणी मिसळून ९० लिटरच्या वर अंघोळीचं पाणी होतं, आणि लाकूड वाळलेलं असेल तर याला अर्धा-पाऊण तास लागतो. शहरात वाढलेल्यांनी बंब अडगळीत किंवा हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलाच पाहिलेला असतो, म्हणून रचना सांगतो. मधोमध उभं नळकांडं, त्याच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेचा कप्पा. नळकांड्याभोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात थंड पाणी ओतलं की ते आतल्या नळीने थेट तळाशी जातं आणि वरचं तापलेलं पाणी तोटीतून तेवढंच बाहेर ढकललं जातं. ना पंप, ना दाब, ना वीज. गरम पाणी हवं असेल तर थंड पाणी ओतावं लागतं, त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. रिकाम्या बंबाखाली आग गेली तर सांधे उकलतात.

नरसाळ्यात बादल्या ओतायच्या नसतील तर वरच्या टाकीतून लाइन जोडता येते. फक्त एक गोष्ट नळवाल्याच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या: कॉक थंड पाण्याच्या बाजूला बसवायचा, गरम पाण्याची तोटी कायम उघडी ठेवायची. थंडचा कॉक उघडला की गरम पाणी येईल, बंद केला की थांबेल. नळवाल्यांचा हात सवयीने गरम बाजूला कॉक बसवायला जातो. तसं झालं की टाकीच्या पाण्याचा सगळा दाब बंबावर येतो आणि उकळलेल्या पाण्याला वाफ सोडायला वाट राहत नाही. आग चालू असताना तोटीतून मधूनमधून थेंब पडत राहतात, कारण पाणी तापलं की फुगतं. ती गळती समजून कुणाला बुच मारू देऊ नका.

जुना बंब मिळाला तर उत्तम, पण घेण्याआधी पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर उभा ठेवा. सकाळी कागद कुठे ओला झालाय त्यावरून कुठला सांधा गेलाय ते कळतं. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी तांब्याचं काम करणारी मंडळी अजून आहेत, सांधा त्यांच्याकडूनच करून घ्यावा. साध्या वेल्डिंगवाल्याकडे तांबं नेऊ नये. तुमचं पाणी झऱ्याचं असेल तर क्षार फारसे धरणार नाहीत. बोअरचं असेल तर वर्षातून एकदा लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी भरून ठेवा आणि खळबळून काढा.

बंबाची जागा पूर्वेकडच्या पडवीत, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, आणि तोटीची नळी भिंतीतून आत. पावसाळ्यात तुमच्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. पश्चिमेला बंब ठेवलात तर धूर घरात आणि झड जाळीवर. बंद न्हाणीघरात मात्र बंब चुकूनही पेटवायचा नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

ऑक्टोबर ते मे तुमच्याकडे ऊन भरपूर. १०० किंवा १५० लिटरचा सौर बंब लावा, त्या महिन्यांत लाकडाला फार हात लागणार नाही. दोघांचे नळ वेगळे ठेवा. सौर बंबाचं पाणी लाकडाच्या बंबातून फिरवून आणलं तर पहिलं ४० लिटर गारच येतं, कारण मधे तो बंब भरलेला असतो. ढगाळ दिवशी सौर बंबातलं कोमट पाणी नरसाळ्यात ओता, तेवढं लाकूड वाचेल.

बॉयलरवाल्या बुखारीची आगाऊ रक्कम भरून झाली असेल, तर ती बसवताना पुढचं सगळं पाळा. बॉयलरपासून टाकीकडे जाणारा गरम पाइप पूर्ण वाटभर चढता हवा, कुठेही खाली वाकलेला नको. टाकीचा तळ बॉयलरच्या डोक्याच्या वर हवा. पाइप निदान एक इंची, वाट जितकी छोटी तितकी बरी. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, थंड खाली येतं, आणि या फिरण्याला वीज लागत नाही. गरम लाइनच्या सगळ्यात उंच ठिकाणाहून एक उघडा पाइप थंड पाण्याच्या टाकीच्याही वर नेऊन मोकळा सोडा. वाफ निघेल ती तिथून. बॉयलर आणि टाकी यांच्यामध्ये एकही व्हॉल्व्ह नको. बॉयलरजवळचा पाइप तांब्याचा किंवा लोखंडी. गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी प्लॅस्टिक पाइपही तिथे टिकत नाही, पीव्हीसीचं तर नावच काढू नका. तांब्याच्या पाइपातून आलेलं पाणी जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी टाकीत सोडलं तर टाकीचा जस्ताचा थर भरभर खाल्ला जातो, म्हणून टाकी स्टेनलेसची घ्या.

व्हॉल्व्हबद्दल इतकं ठासून सांगायचं कारण आहे. एका घरी मला दुरुस्तीला बोलावलं होतं. आधीच्या नळवाल्याने साफसफाईला बरं पडेल म्हणून मधल्या पाइपवर बॉल व्हॉल्व्ह बसवला होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी तो आडवा केला आणि खाली आग तशीच चालू. पाइप धाडधाड वाजायला लागल्यावर घरातल्या आजोबांनी फावड्याने निखारे ओढून अंगणात टाकले, म्हणून निभावलं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे लिटरहून जास्त जागा लागते. बंद बॉयलरमध्ये ती जागा कुठून येणार? तुम्ही पंपाने पाणी फिरवायचा विचार करत असाल तर तोही सोडा. जुलैत आठ दिवस ऊन नाही, बॅटरी उतरली, पंप थांबला, आणि आग मात्र पेटलेली, असा दिवस येतोच.

आता खोली. तुमच्या डोंगरावर थंडी आहे. दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्या खऱ्या असतात. पण त्या रात्री मोजक्या. माणसाला खरं हैराण करते ती जून ते सप्टेंबरची ओल. भिंतीला बुरशी, कपडे चार-चार दिवस न वाळणारे, गाद्यांना वास, चामड्याच्या चपलेवर पांढरी पूड. आईंच्या सांध्यांनाही जानेवारीपेक्षा जुलै जड जाईल. हवा १८ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के असताना तीच हवा नुसती २४ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर येते, आणि त्या पातळीला बुरशीचं फारसं चालत नाही. म्हणजे तुम्हाला सहा अंश वाढवायचे आहेत, खोलीची भट्टी करायची नाही.

त्यासाठी तक्तपोशी हवी. कौलारू घरात वर छत नसेल तर ऊब थेट कौलांच्या फटींतून निघून जाते, मग खाली कितीही जाळा. अख्खं घर तापवायचा नाद सोडा. एक खोली ठरवा, शक्यतो आईंची किंवा जिच्यात सगळे बसता ती. तिला फळ्यांची किंवा बांबूच्या तट्ट्यांवर मातीचा गिलावा केलेली तक्तपोशी करा, दार-खिडक्यांच्या मोठ्या फटी बुजवा. बारा बाय बाराच्या अशा खोलीला एक-दीड किलोवॉट उष्णता पुरते. तीन-चार किलोवॉटची बुखारी म्हणजे हाताशी दुप्पट. दुकानदार आठ-दहा किलोवॉटची दाखवेल, ‘मोठी असलेली बरी’ म्हणेल. मोठी बुखारी लहान खोलीत घेतली की माणूस घामाघूम होतो आणि हवा बंद करून ती धुमसत ठेवतो, आणि धुमसणाऱ्या आगीने चिमणी महिन्याभरात काळी चिकट होते. लहान बुखारी, मोकळी हवा, खणखणीत ज्वाळा, आणि दिवसातून चार-पाच तास. बस.

माती-पेंढ्याच्या (कॉबच्या) बाकातून धूर फिरवून तो तापवणारी रॉकेट पद्धतीची शेगडीही तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. दोन-तीन टन मातीचा तो बाक आधी स्वतः तापायला तासन्‌तास घेतो. कोरड्या थंडीत तो छान. पावसाळी घाटमाथ्यावर ती माती ओल पिते आणि निम्मं लाकूड तिला वाळवण्यातच जातं.

चिमणी कौलातून काढता येते, आणि नीट काढली तर गळत नाही. जागा आढ्याच्या जवळची निवडा. तिथे पाखावरून वाहून येणारं पाणी कमी असतं आणि घराबाहेर उघडा पडणारा पाइपही कमी. वासा किंवा रीप कापायची वेळ येणार नाही अशा बेताने बुखारीची जागा ठरवा. आधी वर बघायचं, मग खाली खूण करायची. एकेरी पत्र्याचा पाइप लाकडापासून दीड फूट लांब हवा. कौलाखाली एवढी जागा सहसा नसते, म्हणून तक्तपोशीपासून वर दुहेरी भिंतीचा, मध्ये आग न धरणारी लोकर (रॉकवूल) भरलेला पाइप वापरा. त्याला दोन इंच मोकळी जागा पुरते. ते दोन इंच मोकळेच राहू द्या, तिथे भुसा किंवा थर्माकोल कोंबायला कुणाला देऊ नका.

छतावर चार मंगलोरी कौलांच्या जागी एक पत्रा येतो. पत्र्याची वरची कड वरच्या ओळीतल्या कौलांच्या खाली आणि खालची कड खालच्या ओळीच्या वर, म्हणजे पाणी कौलावरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून कौलावर उतरेल. पत्र्यातून निघणाऱ्या गळ्यावर पाइपला घट्ट बसणारी उलट्या नरसाळ्यासारखी पत्र्याची गळपट्टी. सिमेंटने सांधा भरू नका; पाइप तापून वाढतो, थंड होऊन आखडतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात सिमेंटला चीर जाते. पाइपचे तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवायचा. बहुतेक फॅब्रिकेटर पावसाचा विचार करून उलटं करतात, मग आतलं डांबर सांध्यातून बाहेर ओघळतं आणि पाइपवर काळे ओघळ दिसतात. पाइपचं तोंड छतातून निघतं तिथपासून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा दोन फूट वर. व्यास सहा इंच, एकूण उंची पंधरा फुटांच्या खाली नको. साधा लोखंडी पत्रा तुमच्या पावसात लवकर सडतो. ३०४ स्टेनलेस घ्या. वाऱ्याला तीन तारांचे ताण द्या. वानरं तारांना लोंबकळतात, त्याला इलाज नाही, तारा जाड घ्या.

खाली, बुखारीच्या मागे, टी-जोड आणि त्याला काढता येणारं झाकण हवंच. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला होता. त्यातल्या चिमणीच्या चुली मी जुन्या घरांतून पाहिल्या आहेत. चूल शाबूत, चिमणी काजळीने गच्च, कारण ब्रश घालायला वाटच ठेवलेली नव्हती. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा ब्रश फिरवा.

आता लाकूड. आधी वर्षाचा आकडा. पाण्याला रोज दोन-अडीच किलो, सौर बंब असेल तर मुख्यतः पावसाळ्याचे चार महिने आणि हिवाळ्यातल्या ढगाळ सकाळी. बुखारीला रोज पाच-सहा किलो, पावसाळ्याचे आणि थंडीचे मिळून सहा महिने. बेरीज दीड टनाच्या आसपास होते, सौर बंब नसेल तर दोन. हे वाळलेल्या लाकडाचे आकडे आहेत. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि ते पाणी उकळून घालवण्यातच आगीची ताकद जाते. तशा लाकडाच्या किलोमागे हाती येणारी उष्णता वाळक्याच्या निम्म्यावर येते. वखारीत लाकूड वजनावर मिळतं, म्हणजे ओलं घेतलं तर पाण्याचे पैसे तुम्हीच भरता आणि वर धूरही तुम्हीच खाता.

म्हणून बेगमी दिवाळी ते संक्रांत. तेव्हा घ्या आणि तेव्हाच फोडा. अख्खा ओंडका सालीसकट वर्षभर पडला तरी आतून ओला राहतो. फोडून चार फाका केल्या की होळीपासून मेअखेरच्या उन्हात वाळतो. मृगाच्या आधी सगळं छताखाली. वाळलंय का हे बघायला दोन टोचण्यांचा ओलावामापक मिळतो, पण तो बाहेरून टोचू नका. ढलपी मधे फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर लावा. वीस टक्क्यांच्या खाली हवा. यंत्र नको असेल तर एका ढलपीवर खडूने खूण करून दर आठवड्याला तीच काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळली. सरावाने दोन ढलप्या एकमेकींवर आपटूनही कळतं, वाळकी टणकन वाजते आणि ओली धप्प.

खोप दहा फूट लांब, पाच फूट खोल, साडेसहा फूट उंच करा. बाभळीसारख्या जड लाकडाची रास घनमीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एवढ्या खोपीत दोन वर्षांचं जळण मावतं. दोन वर्षांचं ठेवायचंच, म्हणजे या वर्षीचं लाकूड पुढच्या वर्षी जळेल. तळाला दगड ठेवून त्यावर वासे, जमिनीपासून वीतभर उंच, नाहीतर वाळवी तुमच्या आधी जेवते. पश्चिमेची बाजू झड लागू नये म्हणून पत्र्याने किंवा कुडाने बंद, पूर्वेची पूर्ण मोकळी. एवढं करूनही जुलैच्या हवेत वाळकं लाकूड परत वीस टक्क्यांपर्यंत ओल धरतं, म्हणून दोन दिवसांचं जळण कायम घरात, बुखारीपासून तीन फुटांवर रचून ठेवा. खोपीत हात घालण्याआधी काठीने ढलप्या हलवा. फुरसं या विषारी सापाला अशा राशी फार आवडतात, आणि तुमच्यापासून दवाखाना लांब आहे.

जातींमध्ये बाभूळ पहिली. वाई-कोरेगावकडून वर चढते. जड, निखारा टिकणारी. वेडी बाभूळही तशीच, काटे सांभाळा. पाचगणीकडे वादळात सिल्व्हर ओक पडतात, मालकाकडून स्वस्तात मिळतो. मध्यम प्रतीचा, पण लवकर वाळतो आणि पेटवायला छान. आंबा चालतो, धूर थोडा जास्त. सावर आणि पांगारा फुकट मिळाले तरी आणू नका, कागदासारखे जळून जातात. बिब्बा, कण्हेर आणि शेर कधीही जाळायचे नाहीत. बिब्ब्याच्या धुराने अंग सुजतं, कण्हेर विषारी आहे. काजूची टरफलं बंबात टाकायचा सल्ला कोकणातले पाहुणे देतील. आग जोरदार होते, पण त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. नारळाच्या करवंट्या मात्र बंब पेटवायला एक नंबर. कुंपणाला गिरीपुष्प लावून ठेवलंत तर तिसऱ्या वर्षापासून फांद्या छाटून बारीक जळण घरचंच होईल.

एक कायद्याचं. स्वतःच्या मालकीच्या जागेतलं झाडही मनाला येईल तसं तोडता येत नाही. झाडं तोडण्याबाबतच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन अशी तुमच्या बांधावर हमखास असणारी झाडं आहेत. त्यांना परवानगी लागते. आणि तुमच्या खालचं कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथली पडलेली फांदीसुद्धा आणायची नाही. गावातला कुणी मोळी दारात आणून टाकेल, कुठून आणली ते विचारा.

शेवटी आईंच्या खोलीबद्दल, आणि हे टाळता येण्यासारखं नाही. बंद खोलीत कोळशाची किंवा निखाऱ्यांची उघडी शेगडी घेऊन झोपल्याने दर हिवाळ्यात देशात माणसं दगावतात. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, आणि धूर संपून नुसते लाल निखारे उरतात तेव्हाच तो सगळ्यात जास्त निघतो. बंद न्हाणीघरात बंब नको तो याच कारणाने. बुखारीचा धूर चिमणीतून जातो, तरी निखारे असताना झोपायची वेळ झाली म्हणून चिमणीची झडप पूर्ण बंद करू नका, आणि बुखारीच्या मागे जमिनीलगत बाहेरची हवा आत येणारी चार इंची जाळी ठेवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आईंच्या उशाच्या उंचीवर लावा. कपडे वाळवायची दोरी बुखारीच्या डोक्यावर कधीही नको, तीन फूट बाजूला. आईंना न्हाणीघरात बादलीत आधी थंड, मग गरम पाणी घालायची सवय लावा. बंबाचं ७५ अंशांचं पाणी वयस्कर कातडीला क्षणात पोळतं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन दिवस बाहेर ठेवूनच झाडांना घाला, आत निखारा दीर्घकाळ जिवंत राहतो.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन मापं लागतील: आढ्याची जमिनीपासूनची उंची, तुम्ही निवडलेल्या खोलीतल्या दोन वाशांमधलं अंतर, आणि न्हाणीघराची पूर्वेकडची भिंत दगडी आहे की विटांची. पडवीचा एखादा फोटोही टाका. खोपीचं काम मात्र थांबवू नका, आता ऑक्टोबर संपत आलाय.